घरचं कंपोस्ट घातलं आणि भाजीची रोपं पिवळी पडली: कारण शोधा, मग उपाय करा

टोमॅटोचं किंवा वांग्याचं रोप कुंडीत लावलं, घरी केलेलं कंपोस्ट हात सैल सोडून घातलं. आठ-दहा दिवस बरे गेले. मग रोप जागीच थांबलं, खालची पानं पिवळी पडू लागली. खत कमी पडलं असेल म्हणून आणखी दोन मुठी घातल्या, तर आणखी बिघडलं. नाशिकमध्ये गच्चीवर, गॅलरीत किंवा बंगल्याच्या मागच्या वाफ्यात भाजी लावणाऱ्यांची ही तक्रार दर हंगामात येते, आणि बहुतेक वेळा चूक एकच असते: खत कुजलेलं असतं, पण मुरलेलं नसतं.

कुजणं आणि मुरणं ही दोन वेगळी कामं आहेत. कुजताना ढीग तापतो, खाली बसतो, काळा पडतो. ओला कचरा ओळखू येईनासा झाला की आपल्याला वाटतं झालं खत. पण आतले सूक्ष्मजीव अजून जोरात काम करत असतात, आंबल्यामुळे तयार झालेली आम्लं आणि अमोनिया आतच असतो. ढीग थंड झाल्यावर खत सावलीत, ओलसर ठेवून आणखी तीन-चार आठवडे थांबायचं असतं. लोणचं घातल्या दिवशी कोणी खात नाही, तसंच हे. गंमत अशी की बाजारातली कंपोस्टची पिंपं आणि टोपल्या विकताना ‘४५ दिवसांत खत’ असं सांगितलं जातं. ते ४५ दिवस कुजण्याचे असतात, मुरण्याचे त्यात धरलेले नसतात.

तरीही प्रत्येक पिवळ्या पानाचा दोष कच्च्या खतावर टाकू नका. आधी रोपाकडे बघा.

कुठलं पान आधी पिवळं पडलं?

खालची, जुनी पानं आधी आणि सगळं पान शिरांसकट एकसारखं फिकं: नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी पडतंय. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार: लोह मिळत नाहीये, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा खतात नसून माती-पाण्यात असतं. पानांच्या कडा आणि टोकं करपल्यासारखी तपकिरी, कुंडीच्या काठावर पांढरा थर: क्षार साचलेत. माती ओली असून रोप दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळीही सावरत नाही: मुळं गुदमरली आहेत किंवा कुरतडली गेली आहेत.

शंका राहिली तर एक रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद उपसून बघा. निरोगी मुळं पांढरट, फांदलेली आणि मातीला घट्ट धरून असतात. बोटांत धरून ओढल्यावर मुळाची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर ती सडलेली आहेत. मुळं पांढरी पण आखूड, टोकं तपकिरी आणि बोथट, तर कच्च्या खताची आम्लं, अमोनिया किंवा क्षार यांपैकी काहीतरी त्यांना भाजतंय. या एका रोपाचा बळी गेला तरी चालेल; बाकीची वाचतील.

खत मुरलंय की नाही, ते कसं ओळखायचं

रंगावर जाऊ नका. वास आधी घ्या. मुरलेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. आंबट, कुबट वास आला तर ते कच्चं आहे. नाकाला झोंबला तर आत अमोनिया आहे. मग झिपच्या पिशवीत दोन मुठी ओलसर खत भरा, हवा दाबून काढा, तोंड बंद करून तीन दिवस घरातच ठेवा. उघडल्यावर आंबूस भपकारा आला तर ते रोपांना घालू नका.

यापेक्षा खात्रीची परीक्षा अळिवाची. अळीव किराणा दुकानात मिळतात, लवकर उगवतात आणि खतातल्या दोषाला फार हळवे असतात. अर्धी वाटी खत अडीच वाट्या पाण्यात ढवळून तासभर ठेवा आणि सुती कापडातून गाळून घ्या. दोन बशांत टिश्यू पेपरच्या दोन-तीन घड्या ठेवा. एकीत हे गाळलेलं पाणी, दुसरीत तितकंच साधं पाणी, पेपर भिजेल एवढंच. प्रत्येकीत २० अळीव अंतरा-अंतराने पेरून बशा झाकून ठेवा. अळिवाभोवती चिकट बुळबुळीत थर येतो, तो नेहमीचाच. तीन दिवसांनी मोजा. खताच्या पाण्यात १६ किंवा जास्त उगवले आणि मुळांची लांबी साध्या पाण्यातल्या मुळांच्या जवळपास असेल तर खत बिनधास्त वापरा. मुळं निम्मीच असतील किंवा टोकं तपकिरी असतील तर खत परत पोत्यात भरून सावलीत ठेवा आणि तीन आठवड्यांनी तीच परीक्षा पुन्हा करा. दुसऱ्या वेळी पास झालं तर ते फक्त कच्चं होतं. पुन्हा नापास झालं तर संशय क्षारांवर घ्या, कारण आम्लं आणि अमोनिया काळाबरोबर निघून जातात, मीठ जात नाही.

खत नत्र देत नाही, उलट ओढून घेतं

हा प्रकार समजला की निम्मी कोडी सुटतात. सूक्ष्मजीवांना कर्ब, म्हणजे कार्बन, खायला नत्र लागतं. कचऱ्यात कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात असेल तर काम सुरळीत चालतं. भाजीच्या देठा-सालांचं हे प्रमाण १५ ते २० ला १ असतं, वाळल्या पानांचं ५० च्या आसपास किंवा वर, रसवंतीवरच्या उसाच्या चिपाडाचं १०० च्या पुढे आणि लाकडाच्या भुशाचं ३०० च्याही वर. पिंपातलं पाणी आटावं, वास मरावा म्हणून आपण भुसा सढळ हाताने टाकतो. तो काळा पडतो, पण कुजलेला नसतो. असं खत मातीत मिसळलं की सूक्ष्मजीव भुसा पचवण्यासाठी मातीतलंच नत्र उचलतात आणि रोप उपाशी राहतं. चांगल्या कंपोस्टचं कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या खाली हवं. आपल्याकडच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी हीच मर्यादा आहे.

एक बारीक गोष्ट इथे फार उपयोगाची आहे. अर्धकच्चं खत मातीत मिसळलं तर बाधतं. मातीवर वरून पसरलं तर फारसं बाधत नाही, कारण नत्राची ओढाताण फक्त वरच्या थरात होते. म्हणून हाताशी कच्चंच खत असेल तर ते आच्छादन म्हणून वापरा, खोडापासून चार बोटं लांब.

मिसळून बसला असाल तर लावून दोन आठवडे झाले नसलेली रोपं सरळ काढून दुसऱ्या मिश्रणात लावा. मोठ्या रोपांना द्रवरूप नत्र द्या. १ लिटर पाण्यात १०० मिली गोमूत्र, १२ इंची कुंडीला अर्धा लिटर, दर पाच दिवसांनी तीन वेळा. रोपं लहान असतील तर ५० मिलीच घ्या. युरियाचं वावडं नसेल तर १ लिटरला ५ ग्रॅम, तोही अर्धा लिटरच, आठवड्याच्या अंतराने दोनदा पुरे. माती आधी ओली असू द्या, कोरड्या मातीत हे ओतलं तर मुळं पोळतात. पिवळं पडलेलं जुनं पान बहुतेक पुन्हा हिरवं होत नाही. नवी पानं गडद येतायत का ते बघा.

क्षार: उष्टं, लोणचं आणि बोअरचं पाणी

आमटी-भाजीचं उरलंसुरलं, फरसाण, पापड, लोणच्याचा खार, हे सगळं कुजतं, पण त्यातलं मीठ कुठे जात नाही. पिंपाला खाली तोटी नसेल तर ते आतच साठत जातं. कोंबडीखत मिसळलं असेल तर आणखी भर. वरून बोअरचं जड पाणी आणि कुंडीला एकच बारीक भोक, की काठावर पांढरी पुटं चढलीच. घेवडा, गाजर आणि कांदा यांना हे सगळ्यात आधी जाणवतं. पालक आणि बीट बरंच सोसतात. एकाच खतावर पालक झकास आणि घेवडा करपलेला, असं चित्र दिसलं तर क्षारच समजा.

उपाय पाण्याचा. १० लिटरच्या कुंडीतून २० ते ३० लिटर पाणी हळूहळू, थांबत थांबत ओतून खालून वाहून जाऊ द्या. आधी भोकं मोकळी आहेत ना ते काडी घालून बघा, नाहीतर उपायच रोपाच्या जिवावर बेतेल. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर तेच वापरा. क्षारांबरोबर नत्रही धुऊन जातं, म्हणून चार दिवसांनी वर सांगितलेलं गोमूत्राचं पाणी एकदा द्या. खारट ठरलेलं खत फेकू नका: मोकळ्या वाफ्यात पावसाळ्याच्या तोंडावर पातळ पसरलं की पाऊस ते धुऊन काढतो. हातात मावणारं ई.सी. मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र, असेल तर अळिवाच्या परीक्षेसारख्याच १ भाग खत, ५ भाग पाणी अशा गाळलेल्या पाण्यात मोजा. शहरी कंपोस्टची सरकारी मर्यादा ४ डेसिसीमेन्स प्रति मीटर (dS/m) आहे. कुंडीसाठी त्याच्या निम्म्याच्या आत ठेवलेलं बरं.

चुनखड आणि राख

नाशिकची काळी माती काळ्या कातळापासून, बेसॉल्टपासून झालेली आहे आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात. मातीच्या कोरड्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका; फसफसलं तर चुनखड आहे. अशा मातीत लोह भरपूर असूनही मुळांना घेता येत नाही, आणि कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. कंपोस्टमध्ये चुलीची किंवा बंबाची राख टाकली तर ही अडचण वाढते, कारण राख स्वतःच अल्कधर्मी असते. इथल्या मातीला राख नकोच. अंड्याच्या टरफलांचंही तसंच: या मातीत ती जवळपास विरघळत नाहीत. टोमॅटोचं बूड काळं पडतंय म्हणून टरफलं घालत बसू नका. तो बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमिततेचा परिणाम असतो, पाणी नियमित केलं की नवी फळं चांगली येतात.

लोहासाठी फवारणी लवकर लागू पडते. १ लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, विरघळवा आणि मग ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट). क्रम उलटा केला आणि पाणी जड असेल तर हिराकस गंजासारखं तांबूस होऊन खाली बसतं. ते फुकट गेलं समजा. ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. ही सामग्री द्राक्षबागांसाठी रोज लागते, त्यामुळे इथल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते.

नुसत्या खतात लावलेली रोपं

‘खतच खत आहे, मातीची गरज काय?’ हा विचार महागात पडतो. नुसतं कंपोस्ट पाणी धरून ठेवतं, महिन्या-दोन महिन्यांत खाली बसतं आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. काळी माती आणि बारीक खत यांचं मिश्रण तर पावसाळ्यात चिखलाचा गोळा होतं. कुंडीत कंपोस्ट तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. १० घमेल्यांचा हिशेब असा ठेवा: ४ पोयटा किंवा लाल माती, ३ चाळलेलं कंपोस्ट, २ भाताचं तूस किंवा कोकोपीट, १ जाड वाळू. घोटी-इगतपुरीकडे भातगिरण्या आहेत, तिकडे तूस मिळतं. ते पटकन कुजत नाही, म्हणून मिश्रण मोकळं ठेवतं. कोकोपीट वापरायच्या आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यातही क्षार असतात. कंपोस्ट ५-६ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि वर राहिलेला जाडा भाग पुढच्या ढिगात विरजण म्हणून टाका.

जमिनीतल्या वाफ्याला दर चौरस मीटरला २ ते ३ किलो पुरतं. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद वाफ्याला ६ ते ९ किलो. लावणीच्या दहा-पंधरा दिवस आधी वरच्या वीतभर मातीत मिसळून एकदा पाणी द्या.

खत चांगलं, तरी टोमॅटो दमला

पहिली फळं लागेपर्यंत सगळं छान, मग खालून पिवळं. इथे खताचा दोष नाही, आपल्या अपेक्षेचा आहे. घरच्या कंपोस्टमध्ये नत्र १ ते दीड टक्का असतं आणि पहिल्या हंगामात त्यातलं दहा-वीस टक्केच रोपाला मिळतं. म्हणजे १ किलो खतातून जेमतेम १ ते ३ ग्रॅम. ३ किलो टोमॅटो देणाऱ्या झाडाला सात-आठ ग्रॅम नत्र लागतं. कंपोस्ट माती घडवतं. पोट भरायला पेंड लागते. १२ इंची कुंडीला फुलं दिसू लागल्यावर ५० ग्रॅम शेंगदाणा पेंड किंवा ७० ग्रॅम निंबोळी पेंड, मातीत बोटभर खाली मिसळून, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढीच. शेंगदाणा पेंड उघडी राहिली तर मुंग्या आणि उंदीर येतात, म्हणून झाकणं महत्त्वाचं. मेथी, कोथिंबीर, पालक यांना पेंडीची एवढी गरज नसते. त्यांचं कंपोस्टवर भागतं.

खतातल्या अळ्या

सगळ्या अळ्या शत्रू नसतात. चपट्या, राखाडी-तपकिरी, जाड कातडीच्या, झुंडीने वळवळणाऱ्या अळ्या ब्लॅक सोल्जर माशीच्या. त्या कचराच खातात, रोपाला हात लावत नाहीत. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची आणि पुढे पायांच्या तीन जोड्या असलेली दिसली तर नीट बघा. ती वर्तमानपत्रावर ठेवा आणि थांबा. पाठीवर उलटी होऊन सरपटत गेली तर फुलभुंग्याची अळी आहे, तिला ढिगात परत सोडा. कुशीवर पडून तशीच वळलेली राहिली तर हुमणी समजून काढा, कारण ती मुळं खाते. चाळतानाच या अळ्या वेचता येतात. चाळलेलं खत गच्चीवर तासभर उघडं पसरा, साळुंक्या बाकीचं काम करतात. कुंडीत आधीच शिरली असेल तर मेटारायझियम बुरशीची पावडर पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून, मातीत ओल असताना संध्याकाळी ओता. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर रात्री कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्या दिवसांत ढीग जाळीने झाकलेला असू द्या.

ढिगात काय जातंय

द्राक्षाचा पाला इथे हवा तितका मिळतो, एप्रिलच्या खरड छाटणीला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला. पण बागेवर बोर्डो मिश्रण आणि तांब्याची इतर बुरशीनाशकं मारलेली असतात, आणि तांबं कुजून नाहीसं होत नाही. गांडुळांना ते विशेष बाधतं. गांडूळखताच्या वाफ्यात हा पाला घालू नका. साध्या ढिगात थोडा, एक-दशांशापर्यंत, चालेल.

सोसायटीच्या लॉनचं कापलेलं गवत घेताना माळ्याला विचारा, त्यावर तणनाशक मारलंय का. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश राहिला तर टोमॅटोची नवी पानं अरुंद, पिळवटलेली निघतात. टोमॅटो-मिरचीवरचा बोकड्या, म्हणजे पानं आखडण्याचा रोगही काहीसा तसाच दिसतो, पण तो पांढरी माशी, फुलकिडे यांच्यामुळे येतो. पानं उलटून बघितली की कळतं. शंका असेल तर त्या खतात तीन आणि साध्या मातीत तीन घेवड्याचे दाणे लावून तीन आठवडे तुलना करा.

कुंड्यांत आपोआप टोमॅटो-भोपळ्याची रोपं उगवत असतील तर तुमचा ढीग तापत नाहीये. साधारण मीटरभर लांब-रुंद-उंच ढीगच ५५-६० अंशांपर्यंत जातो. १०० लिटरचं पिंप सहसा जात नाही. रोपं उगवली तर बिघडत नाही, पण अशा पिंपात करप्याची पानं किंवा मर लागलेली रोपं टाकू नका, रोग खताबरोबर परत येतो.

ओल मुठीत दाबून बघा: बोटांच्या फटीतून एखादा थेंब यावा, धार लागू नये. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या वाळला पाला, पावसाळ्यात तीन. एप्रिल-मेच्या उन्हात ढीग कोरडा पडून कुजणं थांबतं, दोन-तीन दिवसांआड पाणी शिंपडावं लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तोच ढीग दीडपट वेळ घेतो. कुजणं आणि मुरणं दोन्ही धरलं तर ऑक्टोबरच्या लावणीसाठीचा ढीग जूनच्या आत रचायला हवा. पावसात वाळला पाला मिळत नाही आणि तेव्हाच तो सगळ्यात जास्त लागतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की चार माणसांच्या घरासाठी निदान आठ-दहा पोती पाला हाताने चुरून, दाबून भरा आणि जिन्याखाली कोरड्या जागी रचून ठेवा.